सेकंद जर 'दुसरा', तर पहिला कुठे गेला?

चावीचं घड्याळ

भाचा चौथीत आहे, सुट्टीत आमच्याकडे आलाय. परवा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलत होतो, तर हा स्टुलाशेजारी उभा. "मामा, हा लाल काटा सेकंदाचा ना?" म्हटलं, हो. "पण काटे तीन आहेत आणि हा तिसरा. मग सेकंड कसा? आणि फर्स्ट कुठाय?"

मी आयुष्यभर घड्याळ बघतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "आधी खाली उतरू दे" एवढं बोलून वेळ मारून नेली आणि रात्री शोधत बसलो. जे सापडलं ते असं.

पहिला कुठे गेलेला नाही. तो शेजारीच आहे, त्याचं नाव मिनिट.

बॅबिलोनचे लोक साठाच्या पटीत मोजायचे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा टॉलेमी ग्रहताऱ्यांची गणितं करत होता तेव्हा त्याने तीच पद्धत उचलली. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाचे साठ भाग, त्या प्रत्येक भागाचे परत साठ. पुढे लॅटिनमध्ये पहिल्या विभागणीला 'पार्स मिनुता प्रिमा' म्हणू लागले, म्हणजे पहिला बारीक भाग. दुसऱ्या विभागणीला 'पार्स मिनुता सेकुंदा', म्हणजे दुसरा बारीक भाग. एवढं लांबलचक कोण बोलणार? मग पहिल्यातलं 'मिनुता' तेवढं उरलं आणि दुसऱ्यातलं 'सेकुंदा'. म्हणजे मिनिट हा नुसता 'बारीक' आणि सेकंद नुसता 'दुसरा'. नाम दोघांचंही गळालं, विशेषणं राहिली. आपण 'लोकल पकडली' किंवा 'दोन कटिंग दे' म्हणतो तेव्हा गाडी आणि चहा जसे गायब होतात, तसंच.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ही विभागणी आधी अंशांची होती, तासांची नव्हे. तासाला ती नंतर लावली, आणि तीही खगोलशास्त्रज्ञांनी कागदावर. साधारण इ.स. १००० च्या सुमारास अल्-बिरूनी अमावास्येची वेळ सांगताना तासाचे मिनिट, सेकंद आणि त्याहून बारीक भाग लिहीत होता. १२६७ मध्ये इंग्लंडचा रॉजर बेकन पौर्णिमेच्या वेळा तशाच मांडत होता. त्या काळात सेकंद दाखवणारं घड्याळ जगात नव्हतं! चौदाव्या शतकातल्या मनोऱ्यांवरच्या घड्याळांना बहुतेक ठिकाणी एकच काटा, तासाचा. दिवसाला पाव तास पुढेमागे झालं तरी कोणाची तक्रार नसायची. १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं, चूक काही सेकंदांवर आली, आणि त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसायला लागला.

भाच्याला एवढं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मिनिट फर्स्ट आला?" हो रे बाबा.

मिनिट आणि सेकंद या शब्दांचे आणखी अर्थ, नातेवाईक, आपल्याकडची जुनी मापं, जे माहीत असेल ते लिहा.

कोपऱ्यातली खुर्ची

मस्त धागा. एक निरीक्षण. वेळेचा तो 'सेकंद', पण नंबराचा तो 'सेकंड'. सेकंड क्लासचा पास, सेकंड शो, सेकंड हँड स्कूटर, सगळीकडे ड. "पाच सेकंडात आलो" असं लिहिलेलं माझ्या तरी डोळ्याला खुपतं आणि "सेकंद हँड स्कूटर" वाचलं तर हसू येईल. इंग्रजीत एकच असलेला शब्द मराठीने द आणि ड वापरून दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवला. म्हणूनच आपल्याला हा प्रश्न पडत नाही, आणि इंग्रजी शाळेतल्या भाच्याला पडतो.

चावीचं घड्याळ

अरे हो! भाचा सेमी-इंग्रजीत आहे, पण मुद्दा शंभर टक्के पटला. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बिनपगारी सचिव

तीन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे 'मिनिट' शब्दाशी माझं वैर आहे. वार्षिक सभेचा विषय क्र. १ कायम ठरलेला: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." हे इतिवृत्त म्हणजे मिनिट्स. सभा तीन तास चालते, त्यातला दीड तास पार्किंगवर जातो, आणि घरी येऊन मी मिनिट्स लिहीत बसतो.

आमच्याकडे सगळ्यांची समजूत अशी की दर मिनिटाला काय झालं ते लिहायचं म्हणून मिनिट्स. मीही तेच मानत होतो. तसं नाही. ते लॅटिनमधल्या त्याच 'बारीक'वरून आलंय: बारीक अक्षरातलं कच्चं टिपण, जे नंतर नीट मोठ्या अक्षरात उतरवून घ्यायचं. घड्याळाचा काही संबंध नाही. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोक एखाद्या विषयावर आपलं मत लिहून फायलीत घालायचे त्यालाही 'मिनिट'च म्हणत. २ फेब्रुवारी १८३५ ची मेकॉलेची शिक्षणावरची प्रसिद्ध 'मिनिट' ही तसली. ती वाचायला एका मिनिटात संपत नाही हे सांगायला नको.

आणि मेन्यू कार्डातला 'मेन्यू' हाही याच घरातला. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ बारीक, तपशीलवार. बारीकसारीक यादी ती मेन्यू. खिम्याला इंग्रजीत 'मिन्स' म्हणतात, तोही भाऊबंद. आमच्या सभेचा जो होतो तो.

आठवडी बाजार

खिमा :)) दंडवत घ्या.

सत्यशोधक७

सगळं संस्कृतमधून गेलंय हो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की 'अवर' हा शब्द आपल्या 'होरा'वरून आला आणि होरा आला 'अहोरात्र'वरून, पहिलं आणि शेवटचं अक्षर काढून. सेकंदही 'क्षण'वरूनच असणार.

पंचांगातली रेघ

सत्यशोधक, तुमचा अर्धा मुद्दा व्हॉट्सअ‍ॅपच्या फार आधीचा आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातकात ही व्युत्पत्ती नोंदवली आहे: अहोरात्र शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर लोपून होरा. पण तो 'एके' म्हणतो, म्हणजे 'काही जण असं मानतात'. जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेत नाही. होरा हा मुळात ग्रीक शब्द. तो आपल्याकडे ग्रीक ज्योतिषाबरोबर आला, तोच लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'अवर' झाला. म्हणजे दोघं भाऊ आहेत, बापलेक नाहीत. यात कमीपणा कसला? वराहमिहिर स्वतः यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषज्ञानाचं कौतुक करायला कचरला नव्हता.

'क्षण' आणि सेकंदाचा काही संबंध नाही. तो कुठून आला ते वर धाग्यातच लिहिलंय.

आता आपली मापं. साठाचा हिशोब आपल्याकडेही तोच, फक्त सुरुवात तासापासून नाही, दिवसापासून. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाची ६० विपळं. म्हणजे घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं आणि विपळ ०.४ सेकंदाचं. दोन घटिकांचा मुहूर्त, ४८ मिनिटांचा. "मुहूर्तावर पोचा" म्हणतात तेव्हा तेवढी सवलत धरायला हरकत नाही.

नावं ठेवायची तऱ्हा बघा. तिकडे पहिला बारीक, दुसरा बारीक, असे नंबर लावले. आपण 'वि' हा उपसर्ग लावला. पळ-विपळ, आणि अंशांच्या बाबतीत कला-विकला. अंशाची ६० कला, कलेच्या ६० विकला. म्हणजे इंग्रजीत कोनाचं मिनिट आणि वेळेचं मिनिट एकाच नावाने चालतं, आपल्याकडे कोनाला कला आणि वेळेला पळ असे वेगळे शब्द होते. इथे आपली व्यवस्था सरस, हे मी अभिमानाने नाही, सोयीच्या दृष्टीने म्हणतोय.

गिरगावची मावशी

घटिकेवरून आठवलं. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात भटजींनी घंगाळात पाणी घालून त्यात तांब्याची छोटी वाटी सोडली होती. बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत चढतं आणि वाटी बुडली की एक घटिका. मला त्या वाटीजवळ राखण बसवलं होतं, आणि मी नऊ वर्षांची, वाटी लवकर बुडावी म्हणून बोटाने ढकलणार तेवढ्यात आजीने पाहिलं. मग काय ते विचारू नका.

'घटका भरली' हे आपण माणूस जायच्या वेळी म्हणतो, ते या वाटीवरूनच. वाटी भरली की संपलं.

पाट्या वाचणारा

मावशी, भारी आठवण. 'तास' पण असाच भांड्यावरून आलेला ना? तास म्हणजे काशाची थाळी, तिच्यावर टोला मारून वेळ सांगायचे. थाळीचं नाव वेळेला चिकटलं. शब्द फारसीकडून आलेला, मूळ अर्थ वाटी, भांडं. मिरवणुकीतला ताशा त्याच गोतावळ्यातला. हिंदीवाल्यांचा 'घंटा' तर सरळच आहे, आणि इंग्रजी 'क्लॉक'चा मूळ अर्थही घंटाच. म्हणून तर आपण अजून "किती वाजले?" असं विचारतो. मोबाईलमध्ये काहीही वाजत नसताना.

वाळूतला माणूस

दुबईतून वाचतोय. अरबीत आजही मिनिटाला 'दकीका' आणि सेकंदाला 'थानिया' म्हणतात. दकीका म्हणजे बारीक, नाजूक. थानिया म्हणजे दुसरी. अगदी लॅटिनसारखंच! खरं तर मध्ययुगात युरोपातल्या पंडितांनी खगोलशास्त्र अरबी पोथ्यांवरूनच लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा हे साम्य योगायोगाचं नाही. इथे बोलण्यात क चा ग होतो. कचेरीत काम घेऊन गेलं की खिडकीपलीकडचा माणूस पाच बोटं जुळवून वर करतो आणि म्हणतो, "दगीगा!" म्हणजे थांब जरा. आपल्या "एक मिनिट हां" इतकंच त्याला खरं मानायचं.

आता मराठी. याच द-क-क धातूवरून 'दिक्कत' आलाय. अरबीत त्याचा अर्थ बारकावा, काटेकोरपणा. फारसी-उर्दूतून येता येता 'अडचण' झाला. आणि आपण त्यातून 'बेदिक्कत' बनवला. म्हणजे बेदिक्कत वागणारा मुळात 'बारकाव्यात न शिरणारा'. आमच्या सुपरवायझरला अर्थ तंतोतंत लागू पडतो.

आठवडी बाजार

दिक्कत आणि मिनिट भाऊ भाऊ निघाले!! आज झोप नाही.

वाळूतला माणूस

भाऊ नाहीत. दोन वेगळ्या घरांतल्या माणसांना एकच टोपणनाव पडावं तसं. दोघंही 'बारीक'.

मधल्या सुट्टीतला

धागा वाचून एक शंका. दुसरा बारीक भाग आहे तर तिसरा, चौथा का नाही? की साठावर कंटाळा आला?

चावीचं घड्याळ

होता की. बेकनने मिनुता, सेकुंदानंतर 'तेर्तिया' आणि 'क्वार्ता' असे पुढचे भागही वापरलेत. तेर्तिया म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. पोलिश भाषेत त्या भागाचं नाव अजून शब्दकोशात आहे. पण प्रत्यक्षात सेकंदाच्या खाली गेल्यावर लोकांनी दशांश चिन्ह वापरायला सुरुवात केली आणि साठाचं राज्य तिथे संपलं. म्हणून धावण्याच्या शर्यतीत ९.५८ सेकंद असं वाचतो. डावीकडे बॅबिलोन, उजवीकडे दशमान.

निरुक्तवेडी

उशिरा आले, पण खास माझ्या आवडीचा माल आणलाय.

लॅटिन 'सेकुंदुस' हा 'मागून येणे' या क्रियापदापासून. दुसरा म्हणजे पहिल्याच्या मागून येणारा. जहाजाला मागून ढकलणारा वारा तोही सेकुंदुस, म्हणून लॅटिनमध्ये या शब्दाला 'अनुकूल' असाही अर्थ आहे. सभेत ठराव 'सेकंड' करतात, त्याला मराठीत आपण अनुमोदन म्हणतो, आणि 'अनु' म्हणजे मागून! भाषांतर करणाऱ्याच्या मनात हे असेल-नसेल, पण जुळलंय झकास.

आता पुढे बघा. हा लॅटिन धातू आणि संस्कृतमधला 'सच्' हे एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूचे वारस. सच् म्हणजे सोबत असणे, मागे जाणे. त्यावरून 'सचिव'. राजाच्या सोबत, पाठोपाठ राहणारा. म्हणजे सेकंद आणि सचिव हे खरेखुरे चुलत भाऊ.

आणि मिनिट? 'मिनुता'च्या पोटात 'मिनुस' आहे, कमी. वजाबाकीतला मायनस तोच. त्यावरूनच 'मिनिस्टर', म्हणजे मूळ अर्थाने कमी दर्जाचा, सेवक. म्हणजे मिनिटाचा भाऊबंद मिनिस्टर आणि सेकंदाचा सचिव! मंत्रालयातली उतरंड घड्याळात बसलेली आहे: आधी मिनिट, मागून सेकंद.

याच्या उलट 'मागिस', अधिक. त्यावरून 'मागिस्तेर', आणि त्याचं इंग्रजीत मास्टर, आपल्याकडे मास्तर. व्युत्पत्ती विचारली तर मास्तर मोठा आणि मिनिस्टर छोटा. बदल्यांचे अर्ज घेऊन फिरणाऱ्या शिक्षकांनी हे वाचावं, एवढंच म्हणेन.

बिनपगारी सचिव

मागे मागे फिरणारा तो सचिव. देखभाल शुल्क थकवणाऱ्यांच्या मागे. व्युत्पत्ती अनुभवाने मान्य.

सत्यशोधक७

बघा, आलंच ना संस्कृत शेवटी!

निरुक्तवेडी

आलं, पण बाप म्हणून नाही, भाऊ म्हणून. पंचांगातली रेघ यांनी वर हेच सांगितलं.

मांडवीकाठ

गोव्याहून. आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिच्या तोंडी सोमवार म्हणजे 'सेगुंदा-फैर'. पोर्तुगीजात वारांना ग्रहांची नावं नाहीत, नंबर आहेत. रविवार पहिला धरायचा, म्हणून सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, शुक्रवारपर्यंत असंच. सेकंद आणि सोमवार एकाच नावाचे! लहानपणी मला वाटायचं आजी गणित सांगतेय.

आणखी एक. फ्रेंचांकडून 'सेकंड' घेण्याआधी इंग्रजांकडे 'दुसरा'साठी वेगळा शब्दच नव्हता, 'अदर' म्हणायचे. त्याचा अवशेष म्हणजे 'एव्हरी अदर डे', दर दुसऱ्या दिवशी, दिवसाआड. मराठीत आपण अजून तिथेच आहोत. "दुसरा नंबर" आणि "दुसरा कोणीतरी", एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि काही अडत नाही.

बंदर ते बंदर

जहाजावर आहे, नेट मिळालं तेव्हा वाचलं. आमचं सगळं जगणं मिनिटावर चालतं, पण घड्याळातल्या नव्हे, अक्षांशाच्या. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वर्तुळात ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६०० मिनिटं. म्हणून पृथ्वीचा घेर साधारण २१,६०० सागरी मैल, चाळीस हजार किलोमीटर. नकाशावर कंपास ठेवायचा, बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर मिनिटं मोजायची, तेवढे मैल. जमिनीवरच्या मैलाचं गणित असं सुटसुटीत नाही. जहाजाचा 'नॉट' म्हणजे तासाला एवढं एक मिनिट.

पंचांगातली रेघ

२१,६०० वाचून दचकलो. बंदर ते बंदर, हा आकडा आमच्याकडेही आहे, आणि त्याला तुमच्या मिनिटाचाच संबंध आहे.

पळाच्या पोटात आणखी एक माप आहे, 'प्राण'. एक श्वासोच्छ्वास. सहा प्राणांचं एक पळ, म्हणजे प्राण ४ सेकंदांचा. दिवसाचे प्राण मोजा: २१,६००. आकाशाच्या वर्तुळाच्या कला किती? २१,६००. म्हणजे एका श्वासात आकाश एक कला सरकतं. हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सांगून ठेवलंय. (काटेकोर बोलायचं तर हा दिवस ताऱ्यांचा, सूर्याच्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान.) वेळ आणि कोन यांची दोन वेगळी नावं ठेवली, पण जोड अशी घातली की गणित करणाऱ्याला भागाकारच नको.

आणि प्राण कसा मोजायचा? दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागणारा वेळ. म्हणजे एक गुरू अक्षर म्हणजे बरोबर एक विपळ. घड्याळ नसताना तोंडाने सेकंद मोजायचा असेल तर अडीच दीर्घ अक्षरं म्हणा.

शून्य अंश केल्विन

भौतिकशास्त्राची बाजू राहिली. सेकंद म्हणजे दिवसाचा ८६,४०० वा भाग, हे आता खरं नाही. पृथ्वीचं फिरणं एकसारखं नाही हे कळल्यावर १९६७ मध्ये तिला या कामावरून काढलं. तेव्हापासून सेकंद म्हणजे सिझियम-१३३ च्या अणूतल्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९२,६३१,७७० आंदोलनं. 'दुसरा बारीक भाग' आता कशाचाच भाग राहिलेला नाही. उलट मिनिट हे ६० सेकंदांवरून ठरतं. पहिला दुसऱ्याच्या मागे गेला!

पण पृथ्वी आणि अणुघड्याळ यांचा मेळ ठेवायला १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, लीप सेकंद. आतापर्यंत असे २७ झाले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे आला. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर ५:३० न होता ५:२९:६० झाले. ते मिनिट ६१ सेकंदांचं होतं. संगणकांना हा प्रकार पचत नाही, म्हणून २०३५ पर्यंत ही पद्धत गुंडाळायचं २०२२ मध्ये ठरलंय.

गिरगावची मावशी

एका सेकंदाचं एवढं कौतुक! आमच्या मुंबईचं घड्याळ तर देशापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबई आपल्या वेळेला चिकटून राहिली, स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. आजोबा सांगायचे, "कोणती वेळ? मुंबईची की स्टँडर्ड?" हे विचारल्याशिवाय कुणाला भेटायला बोलावता येत नसे.

पाट्या वाचणारा

आता कळलं, "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे मुंबईच्या वेळेप्रमाणे असतं.

चावीचं घड्याळ

धाग्याचं काश्मीर होईल, म्हणजे विषय सोडून भलतंच भांडण जुंपेल, ही भीती होती, पण सगळे रुळावर राहिलात. आभार.

पंचांगातली रेघ, तुमचा प्रयोग आज सकाळी केला. भाच्याला मोबाईलचं स्टॉपवॉच दिलं आणि म्हटलं, "का की कू के को" असं करत साठ दीर्घ अक्षरं म्हण, २४ सेकंद व्हायला हवेत. तो ११ सेकंदांत संपवून मोकळा. परत केलं, १० सेकंद. त्याच्या हिशोबाने आर्यभट चुकला.

पंचांगातली रेघ

आर्यभट नाही चुकला, भाच्याने गुरू अक्षरं लघू केली. 'काऽ' असं म्हणायला लावा, शाळेत पाढे म्हणतो तसं नको. आणि मधे श्वास घेऊ द्या त्याला.

चावीचं घड्याळ

१९ सेकंद. आता आजी म्हणणार आहे.